दातांतली शीळ

सुमनताई म्हटलं की मला आधी तिचा हात आठवतो, चेहरा नंतर. हसू ओठांशी पोचायच्या आत तो उजवा हात वर येई, बोटं किंचित वाकलेली, बांगड्या मनगटावरून कोपराकडे घरंगळत, आणि त्या हाताच्या आडोशाला ती हसून घेई. माघातल्या कोवळ्या उन्हात, डोणगावच्या तिच्या अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलेली ताई शेजारणीच्या एखाद्या बोलण्यावर हसली, की सूप खाली ठेवावं लागे, कारण हसायला एक हात मोकळा हवा. मी तिची धाकटी बहीण, चिडवायला टपलेली. हिला हसायलाही कामातून सुट्टी काढावी लागते, असं मी म्हणायची.

दुखणं जुनं होतं. लहानपणी पाणी भरताना हापशीचा दांडा उसळला आणि तिच्या तोंडावर बसला. वरचे समोरचे तीन दात कोपऱ्यांवर फुटले. पुढे त्यांत सिमेंट भरलं, ते पडलं, पुन्हा भरलं, आणि दर खेपेला त्याच्या कडा चहाच्या रंगाकडे झुकत गेल्या. पाहुणे तिला पाहायला यायचे त्या दिवसांत आईनं बजावलं होतं, हसू नको, आणि आलंच तर तोंडावर हात धर. पाहुणे पसंत करून गेले, लग्न झालं, लेकरं मोठी होऊन कामाला लागली, आई गेली. हात मात्र तिथंच राहिला.

तो हात फक्त एका जागी खाली उतरे. विहारात वंदनेच्या वेळी ताई सगळ्यांच्या पुढे बसे, पांढरं लुगडं, जोडलेले हात, मिटलेले डोळे. ती एक ओळ म्हणे आणि तिच्यामागून सगळे तीच ओळ म्हणत. गल्लीतली लहानगी पोरं अगदी समोर बसत, पुस्तक नाही, पाठांतर नाही, ताईच्या ओठांकडे बघत आणि तिच्या पाठोपाठ म्हणत. हात जोडलेले असल्यामुळे तोंड झाकायला हातच उरत नसे, आणि त्या उघड्या तोंडातून त्रिसरणातला ‘सरणं’ हा शब्द बाहेर पडताना त्यातल्या ‘स’बरोबर दातांच्या फटीतून एक बारीक शीळ निसटे. मेणबत्तीची ज्योत हलते तेव्हा वारा आहे हे कळावं, इतकी हलकी. मला तो शब्द तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून पुरता झाल्यासारखा वाटत नसे.

यंदा भाकर मोडताना मधल्या दाताचं सिमेंट पुन्हा निखळलं, आणि ताई माझ्याकडे मेहकरला आली ती ठरवूनच आली. दातांवर पातळ पापुद्रे बसवतात, व्हेनिअर म्हणतात त्याला, हे तिनं कुठूनसं ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गोड बोलून काही लपवणाऱ्या नव्हत्या. जुनं सिमेंट आधी उकरून काढावं लागेल, त्याखाली दात किती शिल्लक आहे ते तेव्हाच दिसेल, पुरेसा असला तर पापुद्रा धरेल, नसला तर पूर्ण टोपी घालावी लागेल. वरून थोडा दात घासावा लागेल आणि घासलेला दात पुन्हा येत नाही. काही दिवस बोलणं बदलेल, बहुतेकांचं रुळतं, असंही त्या म्हणाल्या. त्या ‘बहुतेकांचं’ या शब्दापाशी माझं काळीज अडकलं. असू दे तसंच, परत सिमेंट भरून घे, असं मी ताईला परोपरीनं सांगून पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, “मले येकदा हात खाली ठेवून हासून पाहाचं हाय वं. भेव तर मलेबी लागते.”

चाळीसेक वर्षं अडलेलं हसू मोकळं व्हावं असं तिला वाटत होतं, आणि मला ती शीळ हवी होती. खरं म्हणजे ती शीळ माझी नव्हतीच.

खुर्चीवर आडवी झाल्यावर मात्र ताईचा धीर सुटला. यंत्राचा तो चिरका, अखंड सूर सुरू होताच तिचा उजवा हात आपसूक वर येऊन तोंड झाकू लागला. बाई थांबत, हात खाली करत, यंत्र सुरू होई, हात पुन्हा वर. शेवटी तो हात धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. तो हात माझ्या मुठीतून सुटून वर जायला धडपडत होता, आणि मी दुसरा हातही त्यावर दाबून धरला. सिमेंट निघालं. खाली दात होता, थोडका पण धड होता. बाईंनी तिथं नवं भरलं, मापं घेतली, तात्पुरते पापुद्रे लावून आम्हाला घरी पाठवलं.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. ताई बोलेनाशी झाली. फोनवर हूं, हाव, एवढंच. पक्के पापुद्रे बसले, नखासारखे पातळ, शेजारच्या दातांच्या रंगात मिसळून गेलेले, तरी तिचं मौन सुटलं नाही. मी डोणगावला गेले तेव्हा बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रिकाम्या रानावरून फाल्गुनातला वारा वाहत होता आणि ती दाराआड उभी राहून तोच एक शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. शब्द गुळगुळीत, निर्दोष येत होता, आणि दर वेळी तिचा चेहरा अधिकच उतरत होता. मला पाहून ती म्हणाली, “माह्या तोंडात दुसऱ्याचाच आवाज हाय वं. पोराईनं वयखला नाही तं?”

विहारात ती मागे भिंतीशी बसू लागली होती, जिथं पुढच्या पोरांचे आवाज मोठ्यांच्या आवाजात बुडून जात. पुढे बसायला कुणी ना कुणी मिळत होतं. मला भीती वाटू लागली, की हसण्यासाठी दात दुरुस्त करायला गेलेली माझी बहीण हसणं आणि बोलणं दोन्ही गमावून बसली.

वैशाखी पौर्णिमेला गल्लीतल्या बायांनी तिला जवळजवळ ओढूनच पुढे आणलं. कडुनिंबाचा मोहोर गळून ओटा पांढुरका झाला होता, दिवसभराची धग भिंतींतून निघत होती, आणि समोरच्या टिनाच्या छपरांवर चंद्र नुकताच चढत होता. ताईनं हात जोडले. तिच्या कानामागून घामाची धार उतरताना मला दिसली. ती त्रिसरणाची पहिली ओळ म्हणाली. ‘सरणं’ आला, स्वच्छ, सपाट, शीळ नसलेला. ती क्षणभर थांबली, आणि आता ही उठून जाईल, असं मला वाटलं.

तेवढ्यात समोरच्या पोरांनी ओळ उचलली, आणि त्यांच्या ‘सरणं’मधून तीच बारीक शीळ निघाली. एकाच्या नव्हे, साऱ्यांच्याच. धड, दुधासारखे दात असलेली ती लेकरं जीभ नेमकी तिथं लावून, वारा नेमका तिथून सोडून म्हणत होती, कारण तो शब्द असाच असतो असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं ताईची शीळ कानात घुमत असे, म्हणून तिच्या पाठोपाठची ही शीळ आम्हाला कधी वेगळी ऐकूच आली नव्हती.

ताईनं डोळे उघडले. भर वंदनेत तिला हसू फुटलं. जोडलेल्या हातांतला उजवा हात सुटून सवयीनं वर निघाला, हनुवटीपाशी थबकला, आणि हळूच खाली येऊन पुन्हा डाव्याला मिळाला. तिनं पुढची ओळ म्हटली.

परतताना मी मनाशी जुळवत होते. हापशीचा तो दांडा केव्हाच गंजून गेला, आई गेली, फुटलेल्या दातांच्या कडाही आता पापुद्र्याखाली मिटल्या, आणि एक दिवस ताई नसेल, मीही नसेन. तरी ती फट राहील, ज्यांचं काहीच फुटलं नाही त्यांच्या तोंडात. आता मला भीती आहे ती एवढीच, की कुणी शहाणा माणूस या पोरांना तो शब्द नीट म्हणायला शिकवील.