मनोऱ्याचं दार

कॉलेजच्या मित्रांबरोबर शनिवार-रविवार बेल्जियममधल्या ब्रूजला जायचं ठरल्यापासून आइनोआनं एकच ध्यास घेतला होता. घंटा वाजताना तिथल्या उंच घंटा-मनोऱ्यावर उभं राहायचं. पाचनंतर वर सोडत नाहीत, आणि आता आजचाच दिवस उरलेला; उद्या सकाळी तर परतीचं विमान. पण ही सगळी आमच्या स्पेनमधल्या सेव्हिलची कार्टी जेवायला बसली, की खुर्च्यांना मुळं फुटतात. ताटं उचलून नेली तरी गप्पा संपेनात.

“मी निघते रे,” म्हणत आइनोआ चारलाच उठली.

आमच्यात निरोप म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही गालांचे पापे, आणि गालागणिक एक नवी गोष्ट. चिमोनं तर हात धरून मावशीचं लग्न सांगितलं, मग घटस्फोट, मग दुसरं लग्न. ऐकता ऐकता कोवळ्या वाढप्याला मिशा फुटल्या!

“सोड ना मेल्या!”

धापा टाकत ती पोचली, तर रखवालदारानं नाकासमोर दार लावलं. ती रडकुंडीला येऊन पायरीवर बसली. मागनं सगळी हुंदडत आली, आणि वर घंटा घणघणू लागल्या.

“इथनंही ऐकू येतं की!” चिमो म्हणाला. “उगाच जिने चढली असतीस.”

आइनोआनं त्याच्या हातातला तळलेल्या बटाट्यांचा पुडा हिसकावला आणि कुणाला एकही न देता संपवला.