संडासातला चौक

"उद्यापासून निलम शाळंत जायाची नाय." तिच्या बापानं, काळ्यानं, विळा भाताच्या पेंढीवर आदळला. "माझ्यासंगं चिकूच्या वाडीत कामाला येल. शाळंच्या पोरी व्हाळावं बसाया जातात, तथं रस्त्याच्या कामाची मानसा उभी रातात. पोर आथां मोठी झाली."

"व्हाळावं काय ती हौसेनं जाते?" त्याची बायको रूपी फणकारली. "शाळंत संडास बांधलाय ना!"

"बांधलाय. पन त्यात देव कोनी बसवला?"

रूपी मान खाली घालून पुन्हा कापायला लागली. कारण तो देव तिनंच बसवला होता.

त्याचं झालं असं. पालघर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला, आणि शाळाशाळांतून संडास बांधायची धांदल उडालेली. तलासरीच्या अलीकडच्या या पाड्यातही मुलींसाठी एक उभा राहिला. गुळगुळीत फरशी, वर काळी टाकी, आणि नवल म्हणजे नळाला पाणीसुद्धा. एवढी चकाचक खोली पाड्यात दुसरी नव्हती. देवेश गुरुजी डहाणूच्या किनाऱ्यावरचे, भारी उत्साही माणूस. तालुक्याचे साहेब बघायला येणार म्हणून ते म्हणाले, "रूपीबाई, आतून तुमची वारली चित्रं काढा की. साहेब खूश होतील."

रूपीचा हात नावाजलेला, पण तो शिकला होता लग्नघरात. समोर गेरूची भिंत अन् वाटीत तांदळाचं पीठ आलं की आधी लग्नाचा चौकोन, म्हणजे चौक, आणि त्या चौकात लग्नाची देवी पालघट. तिची तंद्री लागली आणि हात आपल्या नेहमीच्या वाटेनं गेला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! पोरी चपला बाहेर काढून आत गेल्या आणि हात जोडून तशाच परत आल्या. मग कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं. देवीसमोर बसायची छाती कुणाची? गुरुजींनी कपाळ बडवून घेतलं, पण साहेब येईपर्यंत चित्राला हात लावू देईनात. पोरी पुन्हा व्हाळावर, ओढ्याच्या आडोशाला.

रूपीला रडू फुटलं. ज्या हाताचं लग्नात चार माणसं कौतुक करत, त्याच हातानं लेकीची शाळा बुडायला निघाली होती. ऑक्टोबरचं ऊन चटचट भाजत होतं. तशीच कापणी टाकून ती तडक सोमीकडे गेली. सोमी पाड्याची धवलेरी. तिनं गाणी म्हटल्याशिवाय इथं लग्न लागत नाही.

सगळं ऐकून म्हातारी तंबाखू मळता मळता खदखदून हसली. "अगं येडे, मी गाना म्हटला का? देवीला बोलावला का? बिनबोलावता ती कुनाच्या लग्नातपन येत नाय, तं संडासात कशाला येल?"

"मना पटला. पन पाड्याला कोन पटवल?"

"चल."

सगळा पाडा शाळेपाशी जमला. सोमीनं दारात नारळ फोडला आणि आत बघून म्हणाली, "बाय, आलीच असशील तं चल माझ्या घरा. नसशील आली तं भांडनच मिटला." मग तिनं ठणठणीत आवाजात गाणं म्हटलं. गुरुजी मधे पडायला आले, पण बायांच्या गर्दीतून त्यांना वाटच मिळेना.

रूपीनं गेरूचा बोळा उचलला. असा रेखीव चौक तिनं जन्मात काढला नव्हता. जीव तुटत होता, तरी तिनं सगळी भिंत लालभडक सारवून टाकली.

आता पहिलं कोण जाणार? सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेव्हा सोमीनंच डबा उचलला आणि आत जाऊन कडी लावली. सगळा पाडा दाराकडे डोळे लावून उभा राहिला.

म्हातारी बाहेर आली ती हसतच. "अगं, काय गार वाटतंय! पोरींनो, जा की!"

हशा पिकला. काळ्यानं मान खाजवली, आणि सकाळी तो एकटाच वाडीवर गेला.

पुढे भात झोडून झाल्यावर साहेबांची जीप आली. साहेब कॅमेरा घेऊन थेट संडासापाशी. दार बंद होतं. गुरुजी चाचरत म्हणाले, "साहेब, ते चित्र... पुसलं गेलं."

"पुसलं? कुणी?"

"मीच काढला, मीच पुसला," रूपी म्हणाली.

"अहो, फोटोसाठी एवढ्या लांब आलो मी! इतकी सुंदर कला पुसायची कशाला?"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. दार उघडलं. ओले हात फ्रॉकला पुसत निलम बाहेर आली, साहेबांना बघून लाजली आणि गणिताच्या तासाला पळाली.

"हिच्यासाठी," रूपी म्हणाली.