रोसाची तसबीर

अंबरीश आइंडहोवनला आला तो बायकोच्या मागून, डिपेंडंट व्हिसावर. कीर्ती चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आणि हा घरात. सांगलीत त्याचा हात फोटो स्टुडिओत तयार झाला होता. गेलेल्या माणसांच्या तसबिरी करायच्या: मिटलेले डोळे उघडायचे, पडलेले दात बसवायचे, उघड्या अंगावर कोट चढवायचा. घरचे समाधानाने हार घालत. उरलेल्या वेळात तो घोडे रंगवायचा, आणि तेही अमेरिकेतले! लाल टेकड्या, धुरळा, टोपीवाले स्वार. खरा घोडा त्याने पाहिला होता तो वरातीतला.

आइंडहोवनच्या बाहेर मात्र एक तबेला निघाला, जिथे रविवारी धिप्पाड डच मंडळी काउबॉय होऊन मिरवत. अंबरीश सायकल काढून जायचा आणि कठड्याशी उभा राहून चित्रं काढायचा. त्याला कुणी हाकललं नाही, चित्रही कुणी मागितलं नाही. २०१६च्या वसंतात मालकीण ट्रुसबाईंनी त्याला हाक मारली. त्यांची लाडकी घोडी रोसा फार थकली होती, शुक्रवारी डॉक्टर तिला इंजेक्शन देऊन कायमची झोपवणार होते.

"त्याआधी तिचं चित्र काढून दे," बाई म्हणाल्या.

पहिलंच काम! अंबरीशने जीव ओतला. रोसाचा डावा डोळा पांढरा पडला होता, तो टपोरा काळा केला. खंगलेली पाठ भरून काढली, आयाळ उडवली.

"अरे, सुपर्ब! फ्रेम करूनच दे," कीर्ती म्हणाली.

ट्रुसबाईंनी इथल्या रीतीप्रमाणे तोंडावर सांगितलं, "घोडा छान आहे. पण ही रोसा नाही."

"तिला बरी केली. आमच्याकडे गेलेलं माणूस तसबिरीत चांगलं दिसावं लागतं."

"चांगलं कुणाला? मला तीच हवी आहे, त्या डोळ्यासकट."

अंबरीशचं डोकं फिरलं. एवढा राबलो, वर हे ऐकून घ्या! तो तणतणत घरी आला. मग मात्र त्याला उमगलं. शुक्रवारनंतर बघायला रोसाच नसणार होती.

गुरुवारी तो रंग घेऊन थेट तिच्याजवळ गेला आणि डाव्या अंगाला बसला. रोसाला तो दिसेना. तिने कान टवकारले, मग अख्खी मान वळवून चांगल्या डोळ्याने त्याला शोधून काढलं. अंबरीशने ब्रश उचलला. त्याने तेच काढलं.

शुक्रवारी डॉक्टर येऊन गेल्यावर ट्रुसबाई चित्रापुढे उभ्या राहिल्या. पांढऱ्या डोळ्याकडे गेलेला त्यांचा हात ओल्या रंगापाशी थांबला. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "मागे हे लाल काय? आपल्याकडे कुठे टेकड्या आहेत?"

अंबरीश ओशाळला. सवयीने हात गेला होता. "अमेरिका आहे ती. पुसतो. मी कधी गेलो नाही तिथे."

"तीही नाही गेली," बाई म्हणाल्या. "जात अमेरिकन, पण जन्म इथलाच. राहू दे. बघू दे तिला."