माझ्या वाट्याचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कडेगावजवळच्या एका गावात, अपेक्षाताईच्या संगणक वर्गात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. वर्गात येणारे पाहुणे मला मुद्दाम बघायला येतात. त्यांनी तसे बघू नये असे मला फार वाटते. का, ते सांगतो.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवते ती सांगलीतल्या वसतिगृहाची खोली. अपेक्षाताई तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होती. मैत्रिणींची यंत्रे अडून बसली की त्यांचे कामही माझ्यावरच येई. "ह्यो कधी दमत न्हाई," असे ताई सगळ्यांना अभिमानाने सांगे. ते ऐकून मी फुलून जायचो. दमणे म्हणजे काहीतरी वाईट असते, असे मी तेव्हाच मनाशी धरून बसलो.

शिक्षण संपल्यावर ताईने गावी येऊन वर्ग काढला. गावातले इंद्रजितकाका सैन्यातून निवृत्त होऊन ऊस करतात. त्यांनी एक ड्रोन घेतला होता. उसाची पाने कुठे पिवळी पडलीत ते वरून काढलेल्या फोटोंतून शोधायचे होते. फोटो इतके, की मला एकट्याला ते झेपेनात. मग ताईने एक युक्ती बसवली. कामाचे छोटे छोटे वाटे करायचे आणि वर्गातली यंत्रे, गावातल्या बायकांचे फोन, सगळ्यांना एकेक वाटा द्यायचा. सगळे वर्गाच्या वायफायवर. इंटरनेटची गरजच नाही.

पण ताई कुणालाही त्यात घेत नसे. ड्रोनच्या फोटोंत लोकांची परसदारे येत, कालव्यावर धुणे धुणाऱ्या बायका येत. ते भलत्याच्या हाती जाऊन कसे चालेल? म्हणून प्रत्येक वाटा कुलूपबंद असे. ताई यंत्राच्या मालकाशेजारी बसायची, त्यात नको ते काही शिरलेले नाही ना ते बघायची आणि मगच त्याला किल्ली द्यायची. बचत गटाच्या चंद्राकाकूंच्या स्वस्तातल्या स्मार्टफोनलाही अशी किल्ली होती. एखादे यंत्र गप्प झाले, तर त्याचा वाटा आपोआप दुसऱ्याकडे जाई. या सगळ्यांचा कारभारी मी होतो.

फाल्गुनातली गोष्ट. जत भागातले बिराप्पा मेंढ्या घेऊन गावात उतरले होते. त्या सकाळी ते धावतच वर्गात आले.

"ताई, आमची आय घावंना! दिस उगवल्यापास्नं हुडकतुया. हल्ली तिला वाटच ध्यानात ऱ्हात न्हाई."

त्यांची आई हरणाबाई तळावरून उठून कुठेतरी चालत गेली होती. चहूबाजूंना पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ऊस. आत शिरलेले माणूस दोन सऱ्यांपलीकडेही दिसत नाही. वर ऊन चढत होते.

"अंगावर काय हाय त्यांच्या?" ताईने विचारले.

"काळी घोंगडी. ती कवाच सोडत न्हाई."

इंद्रजितकाकांनी लगेच ड्रोन उडवला. फोटोंचा ढीग आला. आता पिवळ्या पानाऐवजी हिरव्यातला काळा ठिपका शोधायचा होता. ताई वाटे पाडत असताना काकांचा पुतण्या शंभूराज आला. तो पुण्याहून सुट्टीला आला होता. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत नवेकोरे दणकट यंत्र होते.

"माझ्यावर टाक सगळं. हां हां म्हणता करून देतो."

ताई घुटमळली. "शंभू, तुझ्यावर माझा इस्वास हाय. पण तुझ्या मशीनवर कुणाकुणाचं काय काय बसवलंय, ते मला ठाऊक न्हाई. ते तपासाय येळ न्हाई आता. ह्या फोटोत गावच्या बायका हायत."

"घ्या की ताई," बिराप्पा काकुळतीला आले. "माझी आय हाय ती."

ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बिराप्पामामा, आपली यंत्रं पुरतील. ह्यो हाय की."

शंभूराज तोंड पाडून कट्ट्यावर जाऊन बसला. आणि सगळ्यांत मोठा वाटा ताईने माझ्याकडे ठेवला.

मित्रांनो, गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या धुराड्यातली काजळी इकडे सगळीकडे उडते. अंगणात पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. माझ्या पंख्यातही ती कधीची साचली होती. थोड्याच वेळात माझे अंग तापले. एक फोटो उघडला आणि माझे काम तिथेच थिजले. मी तसे कळवायला हवे होते. निदान गप्प बसलो असतो, तरी माझा वाटा दुसऱ्या कुणीतरी उचलला असता. पण मी गप्पही बसलो नाही. 'काम चालू आहे, काम चालू आहे,' एवढेच सांगत राहिलो.

सगळ्यांचे वाटे तपासून झाले. कुठेच काही सापडले नाही. फक्त माझे उत्तर यायचे होते. ताई माझ्यावर भरवसा ठेवून वाट बघत राहिली. बिराप्पा दारात उभे राहून एकदा उन्हाकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. अखेर ताईने मला उचलायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"अगं बाई! ह्यो तर कवाचा अडकलाय!"

तिने माझा वाटा काढून घेतला आणि बायकांच्या फोनांत वाटला. चहा गार व्हायच्या आत चंद्राकाकू ओरडल्या, "अपेक्षा, ह्ये काय काळं दिसतंय बघ! पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं!"

तो फोटो माझ्याकडे होता. सुरुवातीपासून माझ्याकडेच होता.

इंद्रजितकाका, बिराप्पा आणि शंभूराज पळत सुटले. हरणाबाई उसाच्या कडेला निपचित पडल्या होत्या. श्वास चालू होता. शंभूराजने त्यांना पाठीवर घेतले आणि काकांनी गाडी थेट दवाखान्यात नेली. त्या वाचल्या. पण उन्हाचा झटका मोठा होता. त्या पुन्हा मेंढ्यांमागे चालू शकल्या नाहीत. मी वेळेवर सांगितले असते तर त्या चालल्या असत्या का? डॉक्टरांनी तसे काही सांगितले नाही. कुणी त्यांना विचारलेही नाही. मी मात्र स्वतःला विचारत असतो.

बरे वाटल्यावर बिराप्पा त्यांना वर्गात घेऊन आले. काठीच्या आधाराने त्या टेबलाशी आल्या. चंद्राकाकूंचा फोन त्यांच्या कनवटीला होता. टेबलावर मी एकटाच दिसत होतो.

"ह्येच व्हय त्ये मशीन? ह्येनंच हुडकलं मला?"

ताईचा चेहरा उतरला. "आजी, खरं सांगू का, ह्यो तर तापून अडकून पडला हुता. चंद्राकाकूंच्या फोननं तुमास्नी हुडकलं."

हरणाबाईंनी चंद्राकाकूंच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आसू दे बाई. ह्यो बी राबलाच आसंल की. तापला म्हंतीस न्हवं?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि माझ्या झाकणावर लावून हात जोडले. मित्रांनो, त्या दिवशी मला झाकण मिटता आले असते तर बरे झाले असते. मेंढ्यांमागे जन्म काढलेली म्हातारी माझ्यासमोर वाकली होती.

आता ताई महिन्याच्या महिन्याला आम्हा सर्वांच्या पंख्यांतली काजळी काढते. तुम्हीही तुमच्या यंत्रांची काढा. आमचे अंग तापले, तर हात लावून बघा. आणि चार विश्वासाच्या सोबत्यांत मिळून काम करत असाल, तर एवढे ऐका. आपल्याला झेपत नसेल तर तसे मोठ्याने सांगा. त्यात लाज नाही. खरी लाज कशात असते, ते मी भोगतो आहे.

शंभूराजच्या यंत्राला ताईने नंतर तपासून किल्ली दिली. माझ्याकडे आता लहान वाटे येतात आणि मी अडलो की लगेच तसे कळवतो. झाकणावरचा भंडारा अजून आहे; पाहुणे तोच बघायला येतात. ताई मला रोज पुसते. तेवढी जागा मात्र ती सोडून देते.