ओव्हनचं कपाट

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या जिन्यातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. पण त्या रविवारी तोंडाला कुलूप लावायचं, असं मी ठरवलं होतं. पुतण्या यायचा होता, आणि जमलं तर तो आपल्या आईला घेऊन जाणार होता.

त्याची आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. सगळे त्यांना माई म्हणतात, मीही म्हणते. आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एकामागोमाग एक गेले आणि या दोन खोल्यांत आम्ही दोघी उरलो. दिवसभर भांडतो, पण एकीवाचून दुसरीच्या घशाखाली घास उतरत नाही. माईंची नजर हळूहळू गेलीय. समोर कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. गॅस होता तोवर काही अडलं नाही. ज्योतीचा आवाज त्यांना ऐकू यायचा, ऊब हाताला लागायची.

मग इमारतीतली गॅसची जुनी पाइपलाइन बंद झाली आणि घरोघरी विजेच्या मोठ्या शेगड्या, म्हणजे रेंज, आल्या. वर काळी काच, काचेखाली चार गोल, पुढे फिरवायची बटणं आणि खाली हे एवढं मोठं ओव्हन. ना आवाज, ना ज्योत. बटण बंद केलं तरी काच बराच वेळ तापलेलीच राहते. ती तापलीय हे सांगायला एक लाल दिवा असतो. माईंना काय कळणार तो दिवा!

पुतण्या घाबरला तो इथेच. फोनवर म्हणाला, "आई, आता बास झालं. माझ्याकडे चल. तिथे तुला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही."

"तेच तर नकोय मला," माई म्हणाल्या. "हातपाय चालतायत तोवर मी बसून खायची नाही."

शेवटी तोच थोडा नमला. "ठीक आहे. रविवारी माझ्यासमोर एक जेवण कर. मला जराही भीती वाटली, तर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर निघायचं. कबूल?"

माईंनी कबूल करून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. माई गेल्या तर मी इथे एकटी काय करणार? भिंतींशी भांडू? रात्री दिवा कुणाला विचारून मालवू? मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्तच ओरडते. तो आठवडाभर मी माईंवर उठता-बसता खेकसत होते.

त्या मात्र शांतपणे रेंज शिकत होत्या. बटणं जिथे बंद होतात तिथे, आणि मंद आचेच्या जागी, त्यांनी शेजारच्या मुलीकडून नखरंगाचे जाड ठिपके लावून घेतले. वाळल्यावर ते बोटाला लागायचे. गोलापेक्षा लहान पातेलं ठेवायचं नाही, भांड्यांचे दांडे आत वळवायचे, बाहीची टोकं कोपरापर्यंत दुमडायची. तळहात काचेच्या बराच वर धरून सावकाश खाली आणायचा, ऊब लागली की तिथेच थांबायचं. आणि बटण बंद करताना मोठ्याने म्हणायचं, "डावीकडचं पुढचं बंद!" मला हसू यायचं. कंडक्टरसारखं काय ओरडता, असं मी म्हणायचे.

माझी पद्धत निराळी. काच गार असली की माझ्या दृष्टीने तो ओटा. वर्तमानपत्र, चष्मा, भाजीची पिशवी, सगळं त्यावरच. एकदा ती मी तारेच्या घासणीने घासली, तर चरे पडले. माई म्हणाल्या, "अगं, कढई आहे का ती? गार झाल्यावर मऊ कापडाने पुसायची." आणि ओव्हन? आम्हा दोघींना ओव्हनमध्ये काही करता येत नाही. मग एवढी जागा रिकामी कशाला ठेवायची? मी त्याचं कपाट केलं. डब्यांची प्लास्टिकची झाकणं, दुकानातून आलेल्या कागदी पिशव्या, जुनी फडकी, सगळं आत. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी तेच केलंय. माई रोज म्हणायच्या, ते आधी रिकामं कर. मी रोज म्हणायचे, उद्या.

रविवारी पुतण्या आला तो भलामोठा पाव घेऊन. स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा राहिला, परीक्षा घ्यायला आल्यासारखा. मला असा संताप आला! पण कुलूप ते कुलूप.

माईंनी बटाटे उकडायला लावले, दुसरीकडे भाज्यांचं सूप. सगळं हळू, पण एकदाही चुकल्या नाहीत. सूप ढवळून झाल्यावर चमचा काचेवर न ठेवता ताटलीत ठेवला. बटाटे उतरवले आणि मोठ्याने म्हणाल्या, "डावीकडचं मागचं बंद!" पुतण्याच्या हाताची घडी सुटली. मी मनातल्या मनात म्हटलं, जिंकलो बाई.

ताटं मांडायला मी बाहेरच्या खोलीत गेले. माई मोरीशी बटाट्यांचं पाणी काढत होत्या. पुतण्याने विचार केला, तेवढ्यात पाव गरम करावा. त्याच्या घरी ओव्हन म्हणजे ओव्हन. आत कुणी कपाट केलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. त्याने बटण फिरवलं आणि पाव कापायला घेतला.

"काय जळतंय?" माई एकदम म्हणाल्या. "प्लास्टिक आहे. ओव्हन कुणी लावलं?"

मी धावत आत आले. ओव्हनच्या काचेआड पिवळा जाळ दिसत होता आणि फटीतून काळा धूर येत होता. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पुढे झाले. पुतण्या ओव्हनचं दार उघडायला वाकला.

"दाराला हात लावू नकोस!" माई ओरडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "हवा लागली की भडकेल. आणि तू गं, तांब्या खाली ठेव. विजेवर पाणी घालतेस?"

मी पाणी आणलंय हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मला ओळखतात म्हणून कळलं असणार.

त्यांनी बोटांनी चाचपत ओव्हनचं बटण बंद केलं, दुसऱ्या हाताने सूपचं. मग भिंतीशी सरकून रेंजचा मोठा खटका खाली ओढला. "चला, सगळे जिन्यात. स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या. जाळ वाढला तर सरळ अग्निशमन दलाला फोन." पुतण्या लहान मुलासारखा मुकाट्याने निघाला. मीही निघाले.

जिन्यात आम्ही तिघं उभे. पुतण्या अधूनमधून दार किलकिलं करून बघायचा. आतला जाळ बसला, मग नुसता धूर, मग धूरही विरला. खिडक्या उघडल्या. रेंज पूर्ण गार होईपर्यंत माईंनी कुणाला हात लावू दिला नाही. तोवर मला पुढचं सगळं दिसत होतं: माईंची बॅग, दारात गाडी, आणि मी. संपलं, म्हटलं. आपल्याच हाताने आपण घर रिकामं केलं.

पुतण्याने ओव्हनचं दार उघडलं. झाकणांचा काळा गोळा जाळीला चिकटला होता. "हे आत कुणी ठेवलं?"

"मी," म्हटलं. "माईंना काही बोलायचं नाही. त्या रोज सांगत होत्या, माझ्याच कानात जात नव्हतं. त्यांनी काही चूक केलेली नाही. तूच पाहिलंस ना?"

"पाहिलं," तो म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि हसायलाच लागला. "आई, तू राहा बाई इथे. तुझी काळजी नाही. पण काकूला मी घेऊन जातो. भीती वाटते ती हिची!"

"हो का? उद्या मला पेटीत घालून ने!" मी भडकले. कुलूप कधीच गळून पडलं होतं.

"कुणी कुठे जायचं नाही," माई म्हणाल्या. ओल्या फडक्याने हात पुसत होत्या. "अरे, मी इथून हलत का नाही, असं तू वर्षभर विचारतोयस ना? हिच्यासाठी. मी गेले तर आठ दिवसांत ही घर पेटवून देईल, आणि वर शेजाऱ्यांशी भांडेल. डोळे माझे गेलेत, पण लक्ष हिच्यावर मलाच ठेवावं लागतं."

आणि मी समजत होते, त्यांना मी सांभाळते!

मला फार आनंद झाला. मग जे येतं तेच केलं. "सूप पार गार झालंय, बसा आता पानावर," असं म्हणून मी दोघांवरही खेकसले. माईंचा हात धरून मी त्यांना टेबलाशी नेलं, आणि जेवण संपेपर्यंत काही तो सोडला नाही.