स्वतःच्याच धुरात

ताईचं विमान घिरट्या घेत खाली उतरलं होतं आणि इंजिनांच्या धुरातून येणारा एक वायू प्रत्येक उंचीवर मोजून आलं होतं. त्याच वेळी तोच वायू वरून मोजणारा उपग्रहही त्याच जागेवरून गेला होता. दोघांचे आकडे जुळायला हवे होते, पण विमानाचा आकडा दुप्पट आला.

उपग्रहाचे आकडे सांभाळणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, बाळ्या. सकाळच्या बैठकीत त्याने एवढंच विचारलं, की घिरट्या फार लहान तर नव्हत्या? ताईच्या नाकावर राग कायमचाच.

"आधी तुझ्या उपग्रहाचे डोळे तपासून घे," ती म्हणाली, "मग मला शिकव."

सगळे हसले. बाळ्याही हसला, पण त्याचे कान लाल झाले. शेवटी विमानाचा आकडा खरा धरून उपग्रहाचेच आकडे वाढवायचं ठरलं.

दुपारी ताईने घिरट्यांचा नकाशा काढून त्यावर वाऱ्याची दिशा मांडली आणि ती बसल्या जागी गार पडली. प्रत्येक घिरटीत आकडा एकाच बाजूला उसळत होता, वारा जिकडे वाहत होता तिकडे. विमान स्वतःच सोडलेल्या धुरात पुन्हा पुन्हा शिरत होतं. वेळ वाचवायला लहान घिरट्यांचा हट्ट तिचाच होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या बाईला स्वतःचं मुसळ दिसलं नव्हतं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्याची लाज तर चुकीपेक्षा जास्त वाटली.

ती बाळ्याच्या खोलीत गेली. तो स्वतःचे बरोबर आकडे खोडायला बसला होता.

"थांब. माझं चुकलंय."

"तुझं कसं चुकेल, ताई?" तो मान वर न करता म्हणाला. "माझंच कुठेतरी चुकलं असणार. तेच शोधतोय."

लहानपणी त्याला मोजमाप शिकवलं होतं ते हिनेच. तिने नकाशा पुढे ठेवला. त्याने तो नीट पाहिला, बराच वेळ पाहिला. ती बोलणी खायला तयार होती.

बाळ्याने उठून दार लोटून घेतलं. "कुणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "मी म्हणतो माझ्याकडेच गडबड झाली होती. मला हसून झालंच आहे त्यांचं."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नकाशा उचलला, दार उघडलं आणि ती सगळ्यांना पुन्हा बैठकीला बोलवायला निघाली.