नळीला मारलेली गाठ

फुटबॉलची मॅच संपली आणि शिवाजी पेठेत खरी मॅच सुरू झाली. दगड आले, हॉकी स्टिका आल्या, आणि गर्दीत कुणीतरी कामिलच्या बरगडीत सुरी खुपसून पळालं. त्याचा थोरला भाऊ बादशहा हा तालमीतला पैलवान. रक्तबंबाळ भावाला खांद्यावर टाकून त्यानं दवाखाना गाठला. सुरीवाला हाती लागला नव्हता, त्यामुळं सगळा राग मनगटात ठासून भरलेला. असल्या माणसाला रिकामं बसवू नये.

डॉक्टरांनी कामिलच्या छातीत नळी घातली. तिचं दुसरं टोक कॉटखाली, बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. "बाटली खालीच ऱ्हाऊ दे, नळीला हात लावू नका," एवढं सांगून सिस्टर संघप्रिया दुसऱ्या पेशंटकडं गेली.

बादशहा बाटलीकडं बघत बसला. कामिलनं श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे. परत श्वास, परत बुडबुडे. तालमीत त्याला एकच विद्या शिकवलेली: ज्याचा दम गेला तो चीत. इथं तर भावाचा दम डोळ्यांदेखत बाटलीत गळत होता, आणि सगळा दवाखाना गप्प. प्रेम आंधळं असतं म्हणतात. पैलवानाचं प्रेम आंधळं असून वर ताकदीचंही असतं. त्यानं पिशवीतल्या लंगोटाची नाडी तोडली, नळी दुमडली आणि करकचून गाठ मारली. बुडबुडे थांबले. त्याला बरं वाटलं.

थोड्याच वेळात कामिल तडफडायला लागला. मानेच्या शिरा टरारल्या, ओठ निळे पडले. संघप्रिया धावत आली. तिनं नळीला हात घातला मात्र, बादशहानं तिचा गळा धरून तिला भिंतीवर आपटलं.

"काय केलंस माझ्या भावाला? सांग की!"

ती कशी सांगणार? तिचा आवाज त्याच्याच पंज्यात अडकलेला. तिनं त्याचं तोंड ओरबाडून रक्त काढलं, लाथा मारल्या. पंजा सुटेना. मग तिचेही ओठ निळे पडले. अगदी कामिलसारखे. बादशहानं कॉटकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि भीतीनं त्याचा हात सुटला.

ती कोसळली, रांगतच नळीपाशी गेली आणि खिशातल्या कात्रीनं नाडी कापली. बाटलीतलं पाणी खदखदलं. कामिलनं श्वास ओढला.

"सुरीनं फुप्फुस फाटलंय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्यातनं सुटलेली हवा छातीत साचून त्यालाच दाबत्या. ती नळीनं भाइर जात्या, आन् पाण्यामुळं परत आत शिरत न्हाय. तुम्ही तिची वाटच बांधली."

सुरीवाल्याचे हात तोडायची शपथ बादशहानं वाटेतच घेतली होती. आता तो आपल्याच हातांकडं बघत होता.

काही दिवसांनी बुडबुडे आपोआप थांबले. बादशहा झटकन नळीकडं वाकला. पण त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि हाक मारली, "संघप्रियाताई, जरा या की."

ती आली. गळ्यावर त्याची बोटं अजून उमटलेली. तिनं कामिलच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं.

"भोक बुजलं. डॉक्टर आता नळी काढतील."

बादशहानं मान हलवली. हात मात्र त्यानं पुढं आणले नाहीत.